अमेरिकेतला १८७३ ते १८९६ चा सगळा राडा अभ्यासायचा कसा? रेल्वे धरा, बाकीचं आपोआप सापडतं

१८७७ चा संप, मग हेमार्केट, मग होमस्टेड, मग पुलमन, मग पॉप्युलिस्ट, मग ब्रायन. इंदूरच्या भंवरकुआंच्या क्लासेसच्या बहुतेक नोट्समध्ये हे असंच एकाखाली एक येतं, पोरं पाठ करतात, आणि पेपरात "एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत एवढा असंतोष का होता" असा प्रश्न आला की सहा संपांची नावं लिहून मोकळी होतात, "का" ते राहूनच जातं. इंदूरमध्ये आपल्या मराठी घरातली बरीच पोरं एमए हिस्ट्री करतायत किंवा यूपीएससीला बसतायत, वाचतात हिंदीत, उत्तर लिहितात इंग्लिशमध्ये, आणि डोक्यात विचार चालतो मराठीत, तर त्यांच्यासाठी ही पद्धत लिहून ठेवतोय. ज्यांना परीक्षा वगैरे काही नाही, नुसतं समजून घ्यायचंय, त्यांनाही चालेल.

सल्ला एकच आहे. रेल्वेचा रूळ धरून चला. त्या पंचवीस वर्षांतली अमेरिकेतली जवळजवळ प्रत्येक मोठी भानगड रेल्वेच्या पैशातून, रेल्वेच्या भाड्यातून, रेल्वेच्या पगारातून नाहीतर रेल्वेच्या डब्यातून निघालेली आहे. मी उगाच ओढूनताणून जोडत नाहीये, खाली बघा.

पहिलं काम म्हणजे नकाशा. अमेरिकेचा कोरा नकाशा मोठ्या कागदावर झेरॉक्स करून घ्या, राज्यांच्या सीमा असलेला. त्यावर एवढ्या जागा पेन्सिलने टाका: युटामधलं प्रोमोंटरी, वेस्ट व्हर्जिनियातलं मार्टिन्सबर्ग, पिट्सबर्ग, सेंट लुईस, शिकागो, ओमाहा, वायोमिंगमधलं रॉक स्प्रिंग्ज, ओहायोतलं मॅसिलॉन, आणि खाली न्यू ऑर्लिन्स. मग शिकागोकडे जाणाऱ्या रेघा ओढा, अंदाजे चालतील. जिथे गाड्या अडवल्या तिथे लाल ठिपका, जिथे फौज आली तिथे निळा. नकाशा पूर्ण होईल तेव्हा दिसेल की लाल आणि निळे ठिपके बऱ्याचदा एकाच जागी बसलेत.

आता पैसा. इथे आपल्याकडे इंदूरवाल्यांकडे एक भारी उदाहरण पडून आहे, ते वापरा. १८७० साली तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडवा-इंदूर लाईनसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाने दिले, साडेचार टक्के व्याज, मुदत १०१ वर्षं. म्हणजे पैसा देणारा एक, घेणारा एक, अटी ठरलेल्या. पाताळपाणीच्या घाटातून जी मीटरगेज गेली ती या पैशावर. अमेरिकेत त्याच काळात काय चाललं होतं? तिथे खाजगी कंपन्या रूळ टाकत होत्या, सरकार त्यांना जमीन देत होतं, केंद्र सरकारने एकूण सुमारे १३ कोटी एकर जमीन रेल्वे कंपन्यांना दिली, आणि बाकीचा पैसा कंपन्या बॉंड विकून उभा करत होत्या, न्यूयॉर्कमध्ये, लंडनमध्ये, जर्मनीत, जिथे गिऱ्हाईक मिळेल तिथे. लाईन कुठे जाणार, तिथे माल आहे का, माणसं आहेत का, हे नंतर बघू असं चाललेलं. १० मे १८६९ ला प्रोमोंटरीला पूर्व-पश्चिम रूळ जोडले गेले आणि त्यानंतर तर सगळ्यांच्या अंगातच आलं.

मग १८ सप्टेंबर १८७३. जे कुक अँड कंपनी, त्या काळची सगळ्यात वजनदार पेढी, जिने यादवी युद्धात सरकारचे बॉंड विकून दिले होते, ती नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचे बॉंड विकता विकता बुडाली. न्यूयॉर्कचा शेअरबाजार दहा दिवस बंद ठेवावा लागला. पुढची मंदी १८७९ पर्यंत ओढली गेली. तुमच्या वहीत पहिली नोंद ही करा, १८७७ चा संप ही नाही. संप दुसऱ्या पानावर.

संपाकडे जायच्या आधी कर्जाचं एक गणित सोडवा, प्लीज हे टाळू नका, कारण शेतकऱ्यांचं सगळं आंदोलन यातच आहे. युद्धानंतर सरकारने कागदी नोटा आवळायला घेतल्या, १८७३ च्या नाण्यांच्या कायद्याने चांदीच्या डॉलरची मोकळी पाडणी (कोणीही चांदी आणून द्यायची आणि डॉलर पाडून घ्यायचे) बंद झाली, १८७९ पासून नोट द्या आणि सोनं घ्या असं पक्कं झालं. माल वाढतोय, माणसं वाढतायत, पैसा त्या वेगाने वाढत नाहीये, म्हणजे भाव पडणार. समजा कान्ससच्या शेतकऱ्याने गव्हाचा भाव बुशेलला एक डॉलर असताना हजार डॉलर कर्ज घेतलं. म्हणजे त्याच्या डोक्यात हिशेब हजार बुशेलचा, आपल्या मापात साधारण २७० क्विंटल. आता भाव अर्ध्या डॉलरवर आला (१८९४ च्या सुमारास साधारण तिथेच होता), कर्ज तेच हजार, पण फेडायला लागणार ५४० क्विंटल. व्याज वेगळं. छावणी मंडीत ट्रॉली लावून भाव ऐकणाऱ्या कुठल्याही सांवेर-देपालपूरच्या माणसाला हे दोन मिनिटांत कळेल, नोट्समध्ये मात्र "डिफ्लेशन" असा एक शब्द लिहून पुढे जातात.

आणि त्यात भाडं. एखाद्या गावाला एकच लाईन असली की कंपनी मनाला येईल तो दर लावायची, कधी कधी जवळच्या स्टेशनचं भाडं लांबच्या शहरापेक्षा जास्त, कारण लांबच्या शहरात दुसऱ्या कंपनीची स्पर्धा आहे आणि जवळच्या गावात नाही. वर स्टँडर्ड ऑइलसारख्या मोठ्या गिऱ्हाइकाला गुपचूप सूट. यातूनच ग्रेंज नावाच्या संघटनेतले शेतकरी उठले, इलिनॉयसारख्या राज्यांनी दर बांधणारे कायदे केले, १८७७ मध्ये मन विरुद्ध इलिनॉय खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं राज्याला हा अधिकार आहे, आणि १८८६ मध्ये वॉबॅश खटल्यात तेच कोर्ट म्हणालं की राज्याच्या बाहेर जाणाऱ्या गाडीवर राज्याचा अधिकार नाही. मग १८८७ चा इंटरस्टेट कॉमर्स कायदा. हे तीन लक्षात ठेवायचे तर एका ओळीत ठेवा, सुटे सुटे ठेवले तर कोणता कोणाच्या विरुद्ध हे परीक्षेत हमखास उलटं होतं.

आता संप. प्रत्येक संपासाठी चारच प्रश्न विचारा आणि उत्तरं तोडकीमोडकी लिहून ठेवा: कोणी काय कापलं, गाडी किंवा काम कोणी थांबवलं, फौज कोणी कोणत्या कारणाने पाठवली, आणि नंतर कायद्यात किंवा संघटनेत काय बदललं.

१८७७ वर करून बघू. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने मंदीत पुन्हा एकदा दहा टक्के पगार कापला, जुलैमध्ये मार्टिन्सबर्गच्या कामगारांनी मालगाड्या अडवल्या, युनियन म्हणावी अशी धड नव्हतीच, आणि तरी आठवड्याभरात आग पिट्सबर्ग, शिकागो, सेंट लुईसपर्यंत. पिट्सबर्गला स्थानिक मिलिशिया (राज्याची नागरिकांमधून उभी केलेली फौज) आपल्याच शेजाऱ्यांवर गोळी चालवेना म्हणून फिलाडेल्फियाहून दुसरी आणली, तिने २१ जुलैला गर्दीवर गोळीबार केला, वीसेक माणसं मेली, आणि लोकांनी पेनसिल्व्हेनिया रेल्वेचं यार्डच पेटवून दिलं, शंभरावर इंजिनं जळाली. देशभरात मिळून मेलेले शंभराच्या आसपास. प्रेसिडेंट हेजने केंद्राची फौज पाठवली. आता हा हेज कोण, तर १८७६ ची वादग्रस्त निवडणूक तडजोडीने जिंकलेला, आणि १८७७ च्याच एप्रिलमध्ये याच माणसाने दक्षिणेतल्या शेवटच्या दोन राज्यांच्या राजधान्यांमधून, जिथे काळ्या मतदारांनी निवडून दिलेली सरकारं कशीबशी टिकून होती, फौज काढून घेतली होती. एप्रिलमध्ये तिकडून काढली, जुलैमध्ये इकडे लावली. हे वाक्य तुमच्या उत्तरात आलंच पाहिजे, मार्क द्यायचे नसतील तरी वाचणारा थांबतो.

१८८६ थोडं गुंतागुंतीचं आहे कारण त्यात तीन गोष्टी एकत्र धावतात आणि पोरं सगळ्याला "हेमार्केट" म्हणतात. एक, नाइट्स ऑफ लेबर, १८६९ मध्ये फिलाडेल्फियात कामगारांची गुप्त संघटना म्हणून सुरू झालेली, बायका आणि काळे कामगारही आत घेणारी (चिनी नाही, ते पुढे बघू). १८८५ मध्ये हिने जे गूल्डसारख्या रेल्वे सम्राटाला वॉबॅश लाईनवर वाकवलं आणि लोकं झुंडीने मेंबर झाली, सात लाखांच्या आसपास. मार्च १८८६ मध्ये गूल्डच्याच नैऋत्येकडच्या लाईनींवर दुसरा संप, तो मात्र हरला. हा महिना लक्षात ठेवायला सोपा आहे, त्याच मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि पंडिता रमाबाई त्या समारंभासाठी तिथे गेल्या होत्या. दोन, आठ तासांची मागणी, १ मे चा देशभरचा संप. तीन, शिकागोत ३ मे ला मॅकॉर्मिकच्या कारखान्याबाहेर पोलिसांचा गोळीबार, त्याच्या निषेधाची ४ मे ची हेमार्केटची सभा, तिथे बॉंब. सात पोलीस मेले, आठ जणांवर खटला, बॉंब कोणी टाकला ते सिद्ध न होताच, ११ नोव्हेंबर १८८७ ला चौघांना फाशी. नाइट्सचा या बॉंबशी संबंध नव्हता पण बदनामी त्यांच्याच गळ्यात पडली, आणि १८८६ च्याच डिसेंबरात सॅम्युएल गॉम्पर्सची एएफएल (अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर) उभी राहिली, कुशल कामगारांपुरती, पगार-तास एवढ्यापुरती. १ मे आणि ४ मे याची गल्लत करू नका एवढं तरी करा.

होमस्टेड १८९२ रेल्वेचा संप नाही, पोलादाचा आहे, तरी आपल्या वहीत बसतो, कारण कारखान्याचा मालक कार्नेगी स्वतः पेनसिल्व्हेनिया रेल्वेत वर चढलेला माणूस आणि त्याचा पहिला मोठा पोलाद कारखाना रूळच बनवायचा. ६ जुलै, नदीतून पडावांत बसून आलेले तीनशे पिंकर्टन (कंपनीने भाड्याने आणलेले खाजगी पहारेकरी), दहाएक मृत्यू, नंतर राज्याची मिलिशिया. पोलाद युनियन तिथून पुढे कित्येक वर्षं उठली नाही. बस, एवढं पुरे.

पुलमनवर मात्र वेळ घालवा. पहिली चूक इथेच होते: पुलमन ही रेल्वे कंपनी नाही, ती झोपायचे आलिशान डबे बनवायची आणि भाड्याने द्यायची. शिकागोच्या दक्षिणेला जॉर्ज पुलमनने कामगारांसाठी अख्खं गाव वसवलेलं, घरं त्याची, दुकानांचे गाळे त्याचे, चर्चसुद्धा भाड्याने. आता १८९३ ची मंदी आली (फेब्रुवारीत फिलाडेल्फिया अँड रीडिंग रेल्वे बुडाली तिथपासून मोजतात, पुढच्या वर्षापर्यंत देशातल्या रेल्वेचा सुमारे चौथा हिस्सा कोर्टाच्या ताब्यात गेला), कंपनीने पगार सरासरी पाव हिश्श्याने कापला, घरभाडं एक पैसा कमी केलं नाही, शेअरवाल्यांचा डिव्हिडंड मात्र चालू. ११ मे १८९४ ला काम बंद. कामगार यूजीन डेब्जच्या अमेरिकन रेल्वे युनियनकडे गेले, जी वर्षभराचीच होती पण नुकतीच एप्रिलमध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेविरुद्ध अठरा दिवसांत जिंकली होती. पुलमन बोलायलाच तयार नाही. मग २६ जून पासून बहिष्कार: ज्या गाडीला पुलमनचा डबा लावलेला असेल ती आम्ही हलवणार नाही. शिकागोतून निघणारी वाहतूक अडकली, २७ राज्यांत झळ, अडीच लाखांच्या आसपास कामगार.

आता सरकारची चाल बघा, ही पायरी पायरीने लिहायची. ॲटर्नी जनरल रिचर्ड ओल्नी, जो आधी रेल्वे कंपन्यांचा वकील होता. युक्तिवाद असा की टपाल अडतंय. युनियन म्हणतेय टपालाचे डबे आम्ही सोडतो, कंपन्या टपालाच्या गाडीलाच पुलमनचे डबे जोडतायत. २ जुलैला कोर्टाचा मनाईहुकूम, आणि त्यासाठी वापरला १८९० चा शर्मन कायदा, जो मक्तेदार ट्रस्ट मोडायला केलेला होता. मग फौज, इलिनॉयचा गव्हर्नर ऑल्टगेल्ड नको नको म्हणत असताना. शिकागोतच डझनभर माणसं मेली, डेब्जला सहा महिने तुरुंग. जानेवारी १८९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने साखरेचा जवळजवळ सगळा धंदा हातात असलेल्या ट्रस्टला शर्मन कायदा लागत नाही असं ठरवलं, आणि मे मध्ये डेब्जची शिक्षा कायम केली, तीही टपाल आणि आंतरराज्य व्यापाराच्या मुद्द्यावर. हे दोन निकाल शेजारी शेजारी लिहा, कॉमेंट करायची गरजच नाही.

बरं, याच ऑल्टगेल्डने हेमार्केट खटल्यातल्या, तेव्हा तुरुंगात असलेल्या तिघांना माफी दिली ती २६ जून १८९३ ला. आणि त्याच दिवशी इकडे हिंदुस्थान सरकारने टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या! लोकांनी चांदी आणून रुपये पाडून घ्यायची सोय संपली, जगात चांदीचा भाव कोसळला, कोलोरॅडोच्या खाणी बंद पडल्या, आणि सरकारने चांदी विकत घ्यायचा अमेरिकेतला कायदा नोव्हेंबरात रद्द झाला. तारीख पाठ करायची तर २६ जून करा, एका तारखेत तीन गोष्टी मिळतात, माफी, टांकसाळ, आणि पुढच्या वर्षीचा बहिष्कार. ही हिंदुस्थानवाली कडी नोट्समध्ये सहसा नसते, टाकलीत तर उत्तर वेगळं दिसेल.

रूळ धरून चालताना एक गोष्ट सुटायला नको, नाहीतर सगळं मालक विरुद्ध कामगार एवढंच वाटेल आणि ते खोटं आहे. डब्यात कोण बसणार आणि युनियनमध्ये कोण घेणार हाही याच काळातला झगडा आहे. सिएरा डोंगर फोडून रूळ टाकणारे बहुतांश चिनी, १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना येणंच बंद, नाइट्सचा त्याला पाठिंबा, आणि २ सप्टेंबर १८८५ ला रॉक स्प्रिंग्जला युनियन पॅसिफिकच्या कोळसा खाणीत गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी कामगार मारले. डेब्जच्या युनियनने काळ्यांना मेंबर न करण्याचा ठराव थोडक्या मतांनी पास केला, डेब्जचा स्वतःचा विरोध असताना, आणि पुलमनच्या डब्यांतले पोर्टर सगळे काळे! स्वतःच्या हाताने स्वतःचं नुकसान. इडा वेल्स या काळ्या शिक्षिकेला बायकांच्या डब्यातून ओढून बाहेर काढलं, तिने रेल्वेवर केस केली, खाली पाचशे डॉलर जिंकली, १८८७ मध्ये टेनेसीच्या सुप्रीम कोर्टात हरली. ७ जून १८९२ ला न्यू ऑर्लिन्समध्ये काळ्यांत गणला जाणारा होमर प्लेसी मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला, अटक करून घेतली, आणि १८ मे १८९६ ला सुप्रीम कोर्टाने वेगळं पण समान चालेल असा निकाल दिला, जो १९५४ पर्यंत टिकला. प्लेसी खटला सिलॅबसमध्ये वेगळ्या युनिटमध्ये असतो म्हणून कोणी इथे जोडत नाही. जोडा.

पॉप्युलिस्टांसाठी, म्हणजे मुख्यतः शेतकऱ्यांच्या तिसऱ्या पक्षासाठी, ४ जुलै १८९२ चा ओमाहाचा जाहीरनामा मूळ इंग्लिशमध्येच वाचा, फार मोठा नाही, भाषा तिखट आहे. रेल्वे सरकारच्या मालकीची करा, चांदीचा डॉलर मोकळा पाडा, कमाईवर चढता कर, सगळं आपण वर सोडवलेल्या गणिताचं उत्तर आहे. त्यांच्या प्रेसिडेंटपदाच्या उमेदवाराला, वीव्हरला, दहा लाखांवर मतं पडली. १८९४ मध्ये मॅसिलॉनहून जेकब कॉक्सी बेकारांचा मोर्चा घेऊन वॉशिंग्टनला गेला, रस्ते बांधायची कामं काढा म्हणून, आणि पकडला कशासाठी, तर संसदेच्या हिरवळीवर चालला म्हणून. मोंटानातल्या बेकारांनी त्याला गाठायला नॉर्दर्न पॅसिफिकची गाडीच पळवली, तीच जे कुकवाली रेल्वे.

मूळ कागद बघायचे असतील तर लायब्ररी ऑफ काँग्रेसचं क्रॉनिकलिंग अमेरिका फुकट आहे. सरळ ५ जुलै १८९४ ही तारीख टाका आणि दोन-तीन शहरांतले पेपर शेजारी शेजारी उघडा, हेडलाईन कोणाला गुंड म्हणतेय आणि कोणाला नागरिक ते नुसतं टिपून काढा. पुलमन संपानंतर नेमलेल्या सरकारी कमिशनचा रिपोर्टही नेटवर मिळतो, त्यात कामगारांच्या आणि खुद्द जॉर्ज पुलमनच्या साक्षी आहेत. पूर्ण वाचू नका, वेड लागेल, घरभाड्याची पानं वाचा.

शेवटचं स्टेशन १८९६. प्रेसिडेंटची निवडणूक. चांदीच्या बाजूचा डेमोक्रॅट ब्रायनने रेल्वेने अठरा हजार मैल फिरून भाषणं ठोकली, सोन्याच्या बाजूचा रिपब्लिकन मॅकिन्ली ओहायोत स्वतःच्या घराच्या ओसरीवरून हलला नाही आणि रेल्वे कंपन्यांनी स्वस्त तिकिटांवर लाखो लोक त्याच्या दारात आणून सोडले. मॅकिन्ली जिंकला, २७१ विरुद्ध १७६ इलेक्टोरल मतांनी. पॉप्युलिस्टांनी ब्रायनलाच आपला उमेदवार केलेलं, त्यामुळे त्याच्याबरोबर तेही गेले, आणि पुढच्या काही वर्षांत दक्षिण आफ्रिका, क्लोंडाइक इथून नवं सोनं आलं, भाव वर चढले, चांदीचा मुद्दाच थंड झाला. उत्तर इथे तोडा. पोरं रूझवेल्ट आणि ट्रस्ट मोडण्यापर्यंत ओढत नेतात आणि दोन पानं फुकट घालवतात, तो प्रोग्रेसिव्ह काळ, त्याची वही वेगळी करा.